आईचा चेहरा सहा वेळा पुसला, आता काय करू?

वाचकांचे प्रश्न, चित्रकाराची उत्तरं

या वेळी आलेली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, चित्र अर्ध्यावर येतं आणि मग ते डोळ्यासमोर नको वाटतं. म्हणून कॅनव्हास कुठला घ्यावा, फ्रेम कशी करावी वगैरे बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो आणि आज याच्यावरच बोलतो. पहिलं पत्र मोठं आहे पण मी ते फारसं कापलं नाही, कारण वाचताना बऱ्याच जणांना ते आपलंच पत्र वाटेल.

प्रश्न : सर, मी ४३ वर्षांची आहे, साताऱ्यात एका बँकेत नोकरी करते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, चित्रकलेच्या बाई म्हणायच्या हिला पुढे पाठवा, पण घरची परिस्थिती तशी नव्हती मग बी.कॉम. केलं आणि ते राहूनच गेलं. आता मुलगा कॉलेजला गेला, वेळ मिळायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी परत सुरुवात केली. फुलं, फळं, तुळशीची कुंडी अशी चित्रं केली, सगळे छान म्हणाले. गेल्या दिवाळीत आईचं चित्र करायला घेतलं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बसून सुपात तांदूळ निवडतीये असा मी मोबाइलवर काढलेला फोटो आहे, त्यावरून. ॲक्रिलिकमध्ये करतीये, १८ बाय २४ चा कॅनव्हास. साडी झाली, सूप झालं, मागची भांड्यांची मांडणी पण झाली, पण चेहरा काही केल्या आईचा येत नाही. सहा वेळा पांढरा मारून परत केला. कधी मावशीसारखी दिसते, कधी कोणासारखीच दिसत नाही. रंग लावताना बरोबर वाटतो आणि सकाळी उठून बघितलं की डाग डाग दिसतात. परवा रात्री साडेअकराला मी ब्रश फेकला आणि रडले. मिस्टर म्हणाले एवढा त्रास होतो तर कशाला करतेस. आई म्हणते छान आहे की गं, त्याचा अजूनच राग येतो. मला कळत नाही माझ्यात ते आहे की नाही. शाळेतल्या ए ग्रेडवर मी इतकी वर्षं उगाच विश्वास ठेवून बसले का?

उत्तर : ताई, शेवटी जे विचारलंय तिथूनच सुरू करतो, कारण मला वाटतं चेहऱ्यापेक्षा तेच जास्त टोचतंय तुम्हाला. ए ग्रेड खोटी नव्हती. पण त्या परीक्षांमध्ये काय असायचं ते आठवून बघा ना. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. तांब्याचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा आला का, बादलीची कड नीट लंबगोल दिसते का, बाजाराच्या चित्रात लांबची माणसं लहान घेतलीत का, हे बघायचे. समोर बसलेल्या एका ठरावीक बाईचा चेहरा तिचाच यायला हवा असं तिथे कोणी कधी मागितलंच नव्हतं. म्हणजे ज्याची परीक्षा झाली त्यात तुम्ही खरोखर चांगल्या होता, आणि आता जे करताय ते आयुष्यात पहिल्यांदा करताय. पहिल्याच पोर्ट्रेटला सहा वेळा चेहरा बदलला म्हणजे मला तरी काही फार झालं असं वाटत नाही.

आता मावशीचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आशेची जागा तीच वाटली आणि तुम्ही मात्र ती तक्रार म्हणून लिहिलीये. चेहरा मावशीसारखा दिसला! अहो बहिणी आहेत त्या, कपाळ, गालाची हाडं, डोळ्यांमधलं अंतर हे त्यांचं एका घरातलं आहे. चित्र मावशीसारखं आलं याचा अर्थ चेहऱ्याची हाडं तुम्हाला सापडलीयेत, घर बरोबर आहे, फक्त आतलं माणूस अजून यायचंय. आणि ती मावशी दिसतीये हे तुम्हाला कळलं कसं? दोन वर्षांपूर्वी कळलं असतं का, की सगळ्यांसारखं तुम्ही पण छान आहे म्हणून फ्रेम करायला टाकलं असतं? डोळा आधी मोठा होतो, हात मागून रांगत येतो, आणि या दोघांमध्ये जे अंतर पडतं ना त्या अंतराचा हा सगळा वैताग आहे. तो वैताग येणार. फक्त त्याला "मी वाईट आहे" असं वाचू नका.

मी २७ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरगं म्हणालं सर जमत नाहीये, की मी विचारायचो काय जमत नाहीये ते बोट ठेवून दाखव. बोट ठेवायला गेलं की बहुतेक वेळा त्याचं त्यालाच दिसायचं, किटलीची दांडी जरा वर गेलीये किंवा सावली उलट्या बाजूला पडलीये. बोट ठेवता येईल अशी चूक दुरुस्त होते, "जमत नाही" दुरुस्त होत नाही कारण ते कुठे आहे तेच माहीत नसतं. आपल्याला नावं ठेवायची सवय भारी, चित्राला पण आणि स्वतःला पण, मी म्हणतो चुकीला नाव द्या. तुमच्याच पत्रातून मला तीन सापडली.

पहिली चूक फोटोची. आई खाली बसलेली, तुम्ही बहुतेक उभ्यानं, जवळून, मोबाइलवर फोटो काढला. मोबाइलची लेन्स वाइड असते, जवळून काढलं की जे पुढे आहे ते फुगतं आणि मागचं आक्रसतं. वरून काढल्यामुळे कपाळ मोठं येणार, हनुवटी बारीक होणार, कान मागे पळणार. आपण फोटो बघताना मेंदू हे सगळं गुपचूप सुधारून घेतो म्हणून फोटोत आई आईच वाटते, पण तेच माप कॅनव्हासवर उतरवलं की बाई अनोळखी होते. तुम्ही फोटोशी प्रामाणिक राहिलात आणि फोटो आईशी प्रामाणिक नव्हता, एवढंच झालंय. परत फोटो काढायचा असेल तर आईच्या डोळ्यांच्या उंचीला या, सहा-सात फूट लांब जा आणि तिथून झूम करा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ द्या म्हणजे नाकाची, गालाची सावली मिळेल, फ्लॅशनं चेहरा भाकरीसारखा सपाट होतो.

दुसरी चूक रंगाची, आणि ही तर कुणालाही रडवेल. ॲक्रिलिकमधलं जे चिकट माध्यम असतं ते ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, त्यामुळे रंग वाळल्यावर एक पायरी गडद दिसतो. तुम्ही काय करता, वाळलेल्या गालाशेजारी ओला रंग जुळवता, तो तंतोतंत जुळतो, तुम्ही खूश होऊन झोपता आणि सकाळी तो ठिगळासारखा दिसतो. त्यात तुम्ही रात्री साडेअकराला ट्यूबलाइटखाली रंग मिसळताय आणि सकाळी उन्हात बघताय, म्हणजे रंग दोनदा बदलला. हे तुमच्या हाताचं काम नाही हो, हे रंगाचं आणि दिव्याचं आहे! पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पट्टी ओढायची, हेअर ड्रायरनं वाळवायची, ती गालाजवळ धरून बघायची आणि मग लावायची. त्वचेचे तीन टोन, उजेडातला, मधला आणि सावलीतला, जरा जास्तच मिसळून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, वर पाण्याचा फवारा मारला की आठवडाभर सहज टिकतात. दर वेळी नव्यानं मिसळलं की दर वेळी वेगळी आई होणार.

आणि तिसरी, पांढरा मारणं. पांढऱ्याफेक जागेवर कुठलाही कातडीचा रंग काळाच वाटतो, मग आपण घाबरून अजून पांढरा टाकतो आणि चेहरा खडू लावल्यासारखा होतो. शिवाय सहा थरांचे उंचवटे खाली आहेत, तुमचं नवीन नाक जुन्या सहा नाकांवरून चढतंय. बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा, पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या आणि मग पांढऱ्याऐवजी पिवळसर मातीसारखा यलो ऑकर, थोडा गडद तपकिरी बर्न्ट अंबर आणि जरासा पांढरा असा मधला मातकट टोन सपाट लावून घ्या. त्याच्यावर उजेड पण दिसतो आणि सावली पण.

पण चेहऱ्याला लगेच हात लावू नका. याचं कारण सांगतो. आमच्या कॉलेजात पोर्ट्रेटचा क्लास असायचा, मॉडेल म्हणून एक म्हातारे गृहस्थ यायचे, मुंडासं, पांढऱ्या मिशा, कानात भिकबाळी. मी तीन तास खपून डोळे काढले होते, पापण्या सुद्धा. आमचे सर मागून आले, टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि एका हातात अख्खा चेहरा पुसून टाकला, सगळ्या वर्गासमोर. मला इतका राग आला की कानशिलं तापली, आणि सर एवढंच म्हणाले, मान बघ आधी. आणि पुढे गेले. त्यांची ती पद्धत बरोबर होती असं मी आजही म्हणणार नाही, मी कधी कुठल्या पोराच्या कागदाला न विचारता हात लावला नाही. पण मान बघ हे खरं होतं. त्या म्हाताऱ्यांची मान पुढे काढलेली होती, डावा खांदा खाली, आयुष्यभर ओझं वाहिल्यासारखा, आणि मी ती पासपोर्ट फोटोसारखी सरळ काढून त्यावर सुंदर डोळे लावत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मान आणि खांदा नीट घेतला, चेहऱ्याच्या जागी फक्त दोन सावल्या टाकल्या, आणि लांबून ते गृहस्थ दिसायला लागले. रस्त्यावर आपलं माणूस पाठमोरं शंभर फुटांवरून ओळखू येतं की नाही? नाक कुठे दिसतं तेव्हा?

तेव्हा येत्या रविवारी आईला खरंच तांदूळ निवडायला बसवा. फोटो नको, रंग नको. पेन्सिल आणि साधी वही घ्या, समोर भिंतीला टेकून तुम्ही पण खालीच बसा आणि पाच-पाच मिनिटांची दहा स्केचेस करा. चेहरा गाळायचा. डोकं किती झुकलंय, मान कुठून निघते, चष्मा नाकावर किती खाली आलाय, सूप झटकताना कुठला खांदा वर जातो. तांदूळ निवडणाऱ्या बाईचं सगळं लक्ष बोटांच्या टोकाला असतं, खडा दिसला की क्षणभर श्वास थांबतो आणि ओठ जरा आवळले जातात, ते फोटोत सापडेलच असं नाही, पण दहा वेळा बघितलं की सापडेल. आणि आईला चित्र छान झालंय का ते विचारूच नका, ती छानच म्हणणार. तिला विचारा, आई मी मान अशी काढलीये, तू निवडताना अशीच बसतेस का? बघा कसं पटकन सांगते ते.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्रास होतो म्हणून सोडायचं असतं तर स्वयंपाक, नोकरी आणि पोरं वाढवणं यातलं काहीच झालं नसतं. ते काळजीनं म्हणाले हे मला कळतंय. पण रात्री अकरानंतर ब्रश हातात घ्यायचा नाही एवढं मात्र त्यांचं ऐका, दिवसभर आकडे बघून थकलेल्या डोळ्यांना सगळीच चित्रं वाईट दिसतात.

आणि रडलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. पॅरिसमध्ये १८९९ साली सेझान या फ्रेंच चित्रकारानं आंब्रॉज व्होलार या चित्रविक्रेत्याचं पोर्ट्रेट करायला घेतलं, हा व्होलार म्हणजे ज्यानं १८९५ मध्ये त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं तोच. व्होलारनं लिहून ठेवलंय की तो ११५ वेळा बसला. पॅकिंगच्या खोक्यावर खुर्ची ठेवून बसवलं होतं, एकदा डुलकी लागून खाली पडला तर सेझान त्यालाच ओरडला, सफरचंदासारखं बस म्हटलं होतं ना, सफरचंद हलतं का! आणि ११५ बैठकांनंतर ते तसंच ठेवून दिलं आणि म्हणाला काय, तर शर्टाचा पुढचा भाग वाईट झालेला नाही. त्या चित्रात हातावर दोन बारीक जागा अजून कोऱ्या आहेत, कॅनव्हास दिसतो. व्होलारनं विचारलं तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की तिथे उगाच काहीतरी रंग टाकला तर तिथून सुरुवात करून सगळं चित्र परत करावं लागेल. तेव्हा तो साठ वर्षांचा होता, त्याला कोणी ए ग्रेड द्यायची राहिली नव्हती. मला त्यातला तो शर्ट फार महत्त्वाचा वाटतो. इतक्या वैतागातही त्याला नेमकं माहीत होतं की कुठला तुकडा झालाय. तुमचं सूप झालंय, तुम्हीच लिहिलंय. मग त्या सुपाला आता हात लावायचा नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, पुण्यात असतो, निवृत्त झाल्यावर जलरंग सुरू केले. आमचा रविवारचा ग्रुप आहे, वाईला, मेणवलीला जातो. सगळ्यांची चित्रं दीड तासात होतात आणि ताजी दिसतात, माझं तीन तास चालतं आणि शेवटी चिखल होतो. निघायच्या आधी सगळे चित्रं जमिनीवर ओळीनं मांडतात तेव्हा माझं मांडायची लाज वाटते, गेल्या दोन वेळी मी गाडीतच ठेवलं. माझं वय झालंय का शिकायचं?

उत्तर : वयाचा इथे काही संबंध नाही, पाण्याचा आहे. एक बरणी घेऊन बसता ना? दोन घ्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी उचलायला. आणि तीन तास चालतं यातच चिखलाचं कारण आहे, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, अर्धवट ओला असताना तुम्ही परत त्यात जाताय, खालचा रंग उकरला जातो, निळ्यात केशरी, केशरीत हिरवा, असे चार रंग एकमेकांत मिसळले की मातीच होणार. वाळेपर्यंत उठून घाटावर एक चक्कर मारून या. ती मोठी घंटा परत एकदा बघा, १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून जिंकली तेव्हा मिळालेली, इतक्या लांबून ती कृष्णेकाठी आणली लोकांनी, मला दर वेळी तिच्यापाशी उभं राहावंसं वाटतं. परत याल तोवर कागद वाळलेला असेल. हेही लक्षात ठेवा की जलरंग वाळल्यावर फिकट होतो, ॲक्रिलिकच्या बरोबर उलट, त्यामुळे ओला असताना जरा जास्त गडद वाटला तर घाबरायचं नाही.

दुसरं म्हणजे मेणवलीला जाणारा प्रत्येक माणूस पायऱ्यांमध्ये अडकतो. मी पण अडकलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्याकडून उतरणारा तो घाट बघितला की हात आपोआप पायरी पायरी मोजायला लागतो, एकेक रेघ, आणि दीड तासानं लक्षात येतं की ऊन सरकलं, सावल्या दुसरीकडे गेल्या, आता जे दिसतंय ते आपण काढलेलं नाहीच. मग आपण नवीन सावल्या जुन्यांवर टाकतो. तिथेच चित्र मरतं. मोने हा फ्रेंच चित्रकार १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवायचा तेव्हा एकाच वेळी बरेच कॅनव्हास लावून बसायचा आणि ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा, कारण बदललेला उजेड हे त्याच्या दृष्टीनं वेगळं चित्र होतं. तुम्ही तीन तास बसणारच असाल तर चांगलंच आहे, तीन लहान कागद घ्या, प्रत्येकी पाऊण तास. पोस्टकार्डाच्या आकाराचे चालतील. डोळे किलकिले करून बघा, पायऱ्या जातात आणि तीन-चार मोठे तुकडे उरतात, उजळ घाट, गडद झाडं, मधलं पाणी. तेवढेच लावा. पायऱ्या शेवटी, कोरड्या ब्रशनं, पाच-सहा ठिकाणी, बाकीच्या बघणाऱ्याचा डोळा मोजून घेतो.

जलरंग किती धीर मागतो ते बघायचं तर म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं दिव्यावर हात धरलेल्या बाईचं चित्र आहे, १९४५-४६ चं, ते जरूर बघा. पुष्कळ लोकांना ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं पण ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगात आहे, त्यांच्या मुलीला उभं करून केलेलं. बोटांच्या फटीतून जो उजेड झिरपतो ना, तो दिसतो आजूबाजूच्या अंधारामुळे, आणि तो अंधार टाकताना उजेडाच्या जागा सांभाळायला किती मन घट्ट करावं लागलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. तुमचा चिखल मुख्यतः गडद टाकायची भीती वाटते म्हणून होतोय असा माझा अंदाज आहे, मधलेमधलेच टोन दहा वेळा लावत राहता. एकदाच गडद लावा आणि तिथून हात काढा.

आणि चित्र गाडीत ठेवू नका हो. ओळीत मांडा, आणि दहा पावलं लांब जाऊन फक्त बघा की बाकीच्यांचे गडद किती गडद आहेत आणि तुमचे किती. हे घरी एकट्यानं बसून कधीच दिसणार नाही, शेजारी दुसरं चित्र असेल तरच दिसतं. त्यासाठीच तर मांडतात.

प्रश्न : सर मी १७ वर्षांचा आहे, बारावीनंतर सीईटी देऊन अप्लाइड आर्टला जायचंय. रोज प्रॅक्टिस करतो पण इन्स्टावर माझ्याच वयाची मुलं बघितली की वाटतं आपण काहीच नाही. रोज तीन-चार पानं फाडतो. टॅलेंट नसेल तर आत्ताच सोडलेलं बरं ना?

उत्तर : अरे, पानं फाडू नकोस. प्रत्येक पानावर तारीख टाक आणि ठेव. कारण फाडल्यामुळे दर सकाळी तू शून्यावरून सुरुवात करतोस, तीन महिन्यांपूर्वीचा हात आणि आजचा हात शेजारी ठेवून बघायला तुझ्याकडे काही उरतच नाही, मग तुलना करायला राहतात फक्त दुसऱ्यांची रील्स. आणि रील म्हणजे काय, आठ तासांचं काम तीस सेकंदांत. जो मधला दोन तासांचा भाग असतो, जिथे चित्र घाण दिसत असतं आणि त्या पोराला पण सोडून द्यावंसं वाटत असतं, तो तुला अर्धा सेकंद दिसतो. तू तुझे दोन तास त्याच्या अर्ध्या सेकंदाशी मोजतोयस.

मोनेनं १९०८ च्या मे महिन्यात, प्रदर्शन तोंडावर असताना, कमळांची निदान पंधरा चित्रं फाडून टाकली, हे वाचून काही जणांना फाडणं भारी वाटतं. पण तो तेव्हा ६७ वर्षांचा होता, आणि प्रदर्शन पुढे ढकलून पुढच्या वर्षी त्यानं ४८ चित्रं लावली. ती ४८ राहिली होती म्हणून प्रदर्शन झालं. तुझी राहू देत.

सीईटीचं म्हणशील तर त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन असं बघतात, हे सगळं रोजच्या हातानं येणारं आहे. टॅलेंट आहे का नाही हा प्रश्न मी ४० वर्षं चित्रं काढतोय तरी मला स्वतःबद्दल सुटलेला नाही, आणि तो न सुटता काम करता येतं. आज रात्री एवढंच कर, आईच्या स्वयंपाकघरातला कुकर समोर ठेव आणि काढ. चुकलेली रेघ खोडायची नाही, शेजारी बरोबर रेघ ओढायची. दोन्ही दिसू देत.

प्रश्न : चित्र पूर्ण झालं हे कसं कळतं? मी नेहमी पुढे जाऊन बिघडवते. (नाव नको)

उत्तर : मला एक सवय उपयोगी पडली ती सांगतो. आता कुठे ब्रश लावायचा हे सांगता येत नसेल पण हात मात्र शिवशिवत असेल, तर ब्रश धुऊन ठेवायचा आणि चित्र भिंतीकडे तोंड करून तीन दिवस उभं करायचं. चौथ्या दिवशी ते आरशात बघायचं. हे लिओनार्डोनं पण सांगून ठेवलंय, आरशात आपलंच चित्र दुसऱ्या कोणी काढल्यासारखं दिसतं आणि चूक पटकन डोळ्यात भरते. चूक दिसली आणि तिचं नाव सांगता आलं, म्हणजे उदाहरणार्थ डावी भिंत फार उजळ झालीये, तर तेवढीच दुरुस्त करायची. नाव सांगता आलं नाही तर परत तीन दिवस. वासुदेव गायतोंडे, नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, एवढे मोठे चित्रकार, वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचे. बाकीचा वेळ रिकामा होता असं मला वाटत नाही, बघणं हे कामच आहे, अर्धं किंवा अर्ध्याहून जास्त. आपण बघण्याचा वेळ कामात धरत नाही म्हणून हात रिकामा राहिला की अपराधी वाटतं आणि उगाच एक स्ट्रोक मारून बसतो.

साताऱ्याच्या ताई, आणखी एक राहिलं. दहा स्केचेस झाली की त्यातलं जे सगळ्यात कमी आवडेल ते मला पाठवा, सगळ्यात चांगलं नको. आणि कॅनव्हासचा फोटो पाठवाल तेव्हा रात्रीचा नको, सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीजवळ ठेवून काढा, आणि शेजारी आईला उभं करा.